तीन आफ्रिकन राजे थेट लंडनला गेले आणि बलाढ्य कंपनीच्या घशातून आपला मुलूख वाचवला

आज नकाशावर बोत्सवाना नावाचा देश दिसतो, त्यामागे १८९५ सालची एक लंडनवारी आहे.

तर झालं असं की, १८८५ मध्ये ब्रिटनने बेचुआनालँड आपल्या संरक्षणाखाली घेतलं. म्हणजे झेंडा राणीचा, पण कारभार बराचसा स्थानिक राजांच्याच हातात. यावर डोळा पडला सेसिल ऱ्होड्सचा. हिऱ्यांच्या धंद्यात गब्बर झालेला हा गडी केप कॉलनीचा पंतप्रधान होता आणि ब्रिटिश साऊथ आफ्रिका कंपनीचा कर्ताधर्ताही. हा मुलूख कंपनीला द्या, असा त्याचा तगादा सुरू होता.

कंपनी आली की काय होतं, हे शेजारीच दिसलं होतं. एनडेबेले राजा लोबेंगुलाने १८८८ मध्ये खाणींचा करार केला आणि १८९३ मध्ये कंपनीने मॅक्सिम तोफा लावून त्याचं राज्यच बुडवलं.

त्यामुळे खामा, सेबेले आणि बाथोएन या तिघा राजांनी शस्त्रं उचलली नाहीत. त्यांनी बोट पकडली. सोबत विलोबी नावाचे मिशनरी होते. लंडनमध्ये वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांनी, ‘कंपनीशीच बोलून घ्या’ असं सांगितलं आणि ते सुट्टीवर निघून गेले.

खरा डाव इथे सुरू झाला. तिघांनी ब्रिटनमधली गावं पालथी घातली. चर्चमध्ये, सभागृहांमध्ये भाषणं केली. खामा कट्टर दारूबंदीवाले. कंपनी आली की दारू येईल आणि जमिनी जातील, हे त्यांचं म्हणणं तिथल्या चर्चवाल्यांना आणि दारूविरोधी मंडळींना लगेच पटलं. मंत्र्यांकडे निवेदनं जायला लागली. थोडक्यात, मंत्र्यांना त्यांच्याच मतदारांनी घेरलं.

नोव्हेंबरमध्ये चेंबरलेन नमले. तिघांचे मुलूख राणीच्याच छत्राखाली राहिले. विंडसरला जाऊन ते व्हिक्टोरिया राणीलाही भेटले.

फुकट काही मिळालं नाही. रेल्वेसाठी पूर्वेकडची जमिनीची पट्टी सोडावी लागली, झोपडी कर मान्य करावा लागला. हे स्वातंत्र्य नव्हतंच. दोन मालकांपैकी लांबचा मालक निवडणं होतं.

पण नशीबही धावून आलं. डिसेंबरअखेर कंपनीच्या जेमसनने पिटसानीहून ट्रान्सवालवर छापा घातला आणि तो सपशेल फसला. ऱ्होड्सला पंतप्रधानपद सोडावं लागलं, बेचुआनालँडचा विषयही मागे पडला.

१९६६ मध्ये बोत्सवाना स्वतंत्र झाला. पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा, म्हणजे त्याच खामांचे नातू.