मायनर लीगमधल्या रिलीफ पिचरची पारख

बेसबॉलचा खेळ आपल्याकडे रुजला नाही. तरीही २००८ साली उत्तर प्रदेशातले दोन तरुण भालाफेकपटू, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकन संघाशी करारबद्ध झाले तेव्हा आपल्या वृत्तपत्रांनी त्याची दखल घेतली. (हा रिंकू सिंग क्रिकेटमधला नव्हे, हे आधीच सांगितलेले बरे.) २०१४ साली त्यांच्यावर चित्रपटही निघाला. चित्रपटात करार होतो आणि गोष्ट संपते. आम्हांला मात्र त्यापुढचा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो. असा एखादा खेळाडू वरच्या मेजर लीगपर्यंत चढेल की नाही, हे जाणकार कशावरून ठरवीत असतील?

मेजर लीगमध्ये तीस संघ आहेत आणि प्रत्येकाच्या हाताखाली मायनर लीगचे संघ पायऱ्यांसारखे रचलेले आहेत. होतकरू खेळाडू तळाशी शिरतो आणि एकेक पायरी चढतो. बहुतेक मधेच थांबतात. वर आणि खाली केवढे अंतर आहे ते पैशांत पाहावे. २०१२ साली मेजर लीगचे किमान वेतन वर्षाला ४ लाख ८० हजार डॉलर होते. खालच्या पायऱ्यांवरच्या खेळाडूला महिन्याला सुमारे हजार-बाराशे डॉलर मिळत, आणि तेही हंगामापुरतेच. चुकीच्या आशेवर घालवलेली चार-पाच वर्षे म्हणजे ऐन विशीतली चार-पाच वर्षे होत.

आता पिचर म्हणजे चेंडू फेकणारा. सामना सुरू करणारा तो स्टार्टर, आणि तो थकला किंवा अडचणीत आला की मदतीला येतो तो रिलीफ पिचर. क्रिकेटमध्ये कर्णधार गोलंदाजाला दुसऱ्या हप्त्यासाठी पुन्हा बोलावतो. बेसबॉलमध्ये एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. म्हणून स्टार्टरकडे दम हवा आणि तीन-चार प्रकारचे चेंडू हवेत, कारण तेच फलंदाज त्याच्यासमोर दोनदा-तीनदा येतात. रिलीफ पिचरचे काम एका इनिंगचे. दोन चांगले चेंडू असले तरी त्याचे भागते.

जाणकाराचा पहिला प्रश्न येथेच निघतो: हा मुलगा रिलीफ पिचर का आहे? मायनर लीगमध्ये ज्याच्या हातात काही दिसते त्याला आधी स्टार्टर करून पाहतात. मेजर लीगमधले कित्येक नामांकित रिलीफ पिचर हे मुळात न जमलेले स्टार्टर होत. पनामाचा मारियानो रिवेरा पाहा. न्यूयॉर्क यांकीजने १९९५ साली त्याला दहा सामन्यांत स्टार्टर म्हणून उतरवले. त्या हंगामात त्याच्या खाती नऊ इनिंगांमागे साडेपाच धावा पडल्या. पुढे रिलीफ पिचर होऊन त्याने ६५२ सामन्यांत संघाची आघाडी शेवटपर्यंत राखली, आणि तो विक्रम ठरला. तेव्हा जो खालच्या पायरीवरच रिलीफ पिचर झाला आहे, त्याच्याविषयी संघाने अर्धा निकाल आधीच दिला आहे असे समजावे.

दुसरी गोष्ट आकड्यांची. नऊ इनिंगांमागे किती धावा दिल्या, हा पिचरचा सर्वांत प्रसिद्ध आकडा आहे. रिलीफ पिचरच्या बाबतीत तो फसवा ठरतो. समजा, तो आला तेव्हा तीनही बेसवर धावपटू उभे आहेत. त्याचा पहिलाच चेंडू फलंदाजाने टोलवला आणि तिघे घरी पोहोचले, तर त्या तीन धावा आधीच्या पिचरच्या नावावर लागतात. आग विझवायला आलेल्याने घर जळू दिले, तरी त्याच्या वहीत डाग नाही!

शिवाय त्याच्या इनिंगा थोड्या. रिंकू सिंग २०१२ साली वेस्ट व्हर्जिनिया पॉवर या संघाकडून ३९ सामन्यांत ७२ इनिंगा खेळला, आणि त्याची सरासरी ३.०० होती. म्हणजे २४ धावा. आणखी आठ धावा गेल्या असत्या तर तीच सरासरी ४.०० झाली असती. आठ धावा दोन वाईट संध्याकाळींत जातात; क्षेत्ररक्षकाचे पाऊल जरा उशिरा पडले तरी जातात.

म्हणून जाणकार धावा बाजूला ठेवून दोन गोष्टी मोजतो. फलंदाजाला चेंडू मैदानात घालूच न देता स्ट्राइक-आऊट किती केले, आणि अचूक न टाकता आल्यामुळे किती जणांना फुकट पहिला बेस, म्हणजे वॉक, दिला. या दोहोंत क्षेत्ररक्षकांचा हात नाही. वेग तर हवाच, पण नुसता वेग काय करतो याचे उदाहरण स्टीव्ह डाल्कोव्स्की. त्याच्याइतका वेगवान पिचर पाहिला नाही असे म्हणणारे पुष्कळ होते. १९६० साली स्टॉकटनच्या संघाकडून त्याने १७० इनिंगांत २६२ स्ट्राइक-आऊट केले, आणि वॉकही नेमके २६२ दिले. १९६३ साली, काहीसा ताबा आला आणि मेजर लीगचे दार उघडते असे वाटू लागले, तोच त्याचा कोपर दुखावला. मेजर लीगचा एकही सामना तो खेळला नाही.

रिंकूने ७२ इनिंगांत ६५ स्ट्राइक-आऊट केले, म्हणजे नऊ इनिंगांमागे आठ. आकडा चांगला, पण थक्क करणारा नाही. आणि येथे वय पाहावे लागते. तो हंगाम संपेतो रिंकू २४ वर्षांचा झाला होता. त्या पायरीवर समोर उभे राहणारे फलंदाज बहुतेक त्याच्याहून लहान. वीस वर्षांच्या मुलाने हेच केले असते तर जाणकाराने कान टवकारले असते. उलट बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. २००८ पूर्वी रिंकूने बेसबॉलचा चेंडू टाकलाच नव्हता. त्याचे चोविसावे वर्ष म्हणजे खेळातले चौथे वर्ष होते, आणि अमेरिकन मुलगा सात-आठ वर्षांचा असल्यापासून खेळतो. आमच्या मते केवळ वयावरून त्याला खोडणे घाईचे झाले असते.

तो डावखुरा होता, हीही जमेची बाजू. त्या काळी एकाच डावखुऱ्या फलंदाजापुरता डावखुरा पिचर आणून लगेच बदलता येई, आणि तेवढ्यावर काहींची पोटे भरत. २०२० पासून नियम आला, की पिचरने किमान तीन फलंदाजांना तोंड द्यावे किंवा ती अर्धी इनिंग संपवावी. ती जागा त्यामुळे जवळजवळ बुजली.

राहता राहिला कोपर. कोपराच्या आतला तुटलेला अस्थिबंध काढून दुसरीकडचा स्नायुबंध बसवण्याची शस्त्रक्रिया डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ साली टॉमी जॉन या पिचरवर प्रथम केली. अनेक जण तिच्यातून बरे होऊन परततात, पण वर्ष-दीड वर्ष जाते. विशीच्या आतल्या मुलाजवळ तेवढा वेळ असतो. २०१३ साली रिंकूच्या कोपराला दुखापत झाली, आणि त्यालाही ही शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. ७२ इनिंगांचा तो हंगाम त्याचा सर्वांत मोठा ठरला. २०१८ साली तो डब्ल्यूडब्ल्यूईच्या कुस्तीच्या रिंगणात दाखल झाला.