सही तुमचीच आहे ना?

निवृत्त आईवडील घराच्या डागडुजीसाठी बँकेतून सहा लाखांचं कर्ज काढतात आणि हातात पाच लाख साठ हजार पडतात. मधले चाळीस हजार कुठे गेले, हे पुष्कळदा काही महिन्यांनी, मुलगा किंवा सून कर्जखात्याचा उतारा वाचायला घेते तेव्हा कळतं. उताऱ्यात एकच ओळ असते. विमा कंपनीचं नाव आणि पुढे रक्कम. शाखेत विचारायला गेलं की उत्तर ठरलेलं असतं, "काका, सही तुमचीच आहे ना?"

सही त्यांचीच असते. पण सहीपाशी प्रकरण संपत नाही.

कर्जदाराने जीवन विमा घेतलाच पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा किंवा विमा नियामक इर्डाईचा कोणताही नियम नाही. एक सेवा हवी असेल तर दुसरी घ्यावीच लागेल, अशी अट घालणं २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार प्रतिबंधक व्यापार प्रथा ठरते. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँकेने प्रत्येक किरकोळ कर्जदाराला 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यायचं असतं. त्यात विम्याची रक्कम वेगळी दाखवावी लागते आणि त्यात नसलेलं शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. कर्ज त्यानंतरचं असेल तर पहिल्यांदा हा कागद मागा.

कर्जाला विम्याचं कवच असण्यात वाईट काही नाही. घरात कमावता एकच आणि डोक्यावर मोठं गृहकर्ज असेल तर ते असायलाच हवं. पण पेन्शनवर जगणाऱ्या, मुलं मार्गी लागलेल्या सत्तरीच्या माणसाच्या छोट्या कर्जावर एकरकमी प्रीमियमची पॉलिसी चढवायची आणि तो प्रीमियमही कर्जातच मिळवायचा, यात भलं विकणाऱ्याचं असतं. चाळीस हजारांवर दहा टक्के व्याज धरलं तर दहा वर्षांत हप्त्यांतून सुमारे ६३,४०० रुपये फिटतात.

आमच्या आईचं प्रकरण हाती घेतलं तेव्हा प्रीमियमपेक्षा जास्त धक्का बसला तो आरोग्याच्या घोषणापत्राची प्रत पाहून. मधुमेह? नाही. रक्तदाब? नाही. चालू औषधं? नाही. एकाखाली एक सगळ्या खुणा दुसऱ्याच कुणाच्या हातच्या, आणि तळाशी जिल्हा परिषदेच्या शाळेत उभा जन्म काढलेल्या बाईची वळणदार सही. ती रोज सकाळी इन्सुलिन घेते. उद्या काही झालं असतं तर दावा फेटाळायला हाच कागद पुढे आला असता. म्हणजे पैसे गेले होते आणि कवचही भरवशाचं नव्हतं. हे घोषणापत्र प्रत्येकाने मागून घ्यावं. फसव्या विक्रीचा इतका बोलका पुरावा क्वचित मिळतो.

त्याआधी मात्र घरातलं एक काम असतं आणि ते सगळ्यांत नाजूक आहे. "वाचून सही करा, हे मीच पोरांना शिकवलं आणि मीच अशी फसले," असं आई पुनःपुन्हा म्हणत राहिली. आपण तिथे "विचारायचं तरी होतंस" म्हटलं की माणूस मिटून जातो आणि त्याच्याबरोबर साक्षही जाते. कारण तक्रारीचा कणा म्हणजे त्या दिवशी टेबलावर काय बोलणं झालं तो तपशील. "मॅडम, हे कर्जासोबतच येतं, सगळ्यांनाच लागतं." "कंपनीचा फोन आला की सगळ्याला हो म्हणा, नाहीतर फाइल अडकेल." ही वाक्यं आईच्या शब्दांत, तारखेसह, तक्रारीत जशीच्या तशी उतरली पाहिजेत. त्या पडताळणीच्या फोनचं रेकॉर्डिंगही लेखी मागावं.

पॉलिसी नुकतीच हातात आली असेल तर काम सोपं आहे. कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत, अटी पटल्या नाहीत म्हणून पॉलिसी परत करता येते. याला फ्री लूक म्हणतात. संरक्षण मिळालेल्या दिवसांचा प्रीमियम, मुद्रांक आणि वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च कापून बाकी रक्कम परत येते. कर्जाच्या विम्यात बँकेकडे एक मास्टर पॉलिसी असते आणि कर्जदाराला फक्त प्रमाणपत्र मिळतं. मुदतीचा मजकूर त्या प्रमाणपत्रावर शोधा. अर्ज विमा कंपनीला करा, प्रत बँकेला द्या आणि पोच घ्या.

मुदत उलटली असेल तर तक्रार दोन्हीकडे करावी. विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, कारण बँक तिची कॉर्पोरेट एजंट असते आणि एजंटने सांगितलेल्या खोट्याची जबाबदारी कंपनीला झटकता येत नाही. आणि बँकेकडे, कारण दबाव तिच्या टेबलावर आला. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील चालत नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं ते ऐकतात. कंपनीने नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आत मात्र गेलं पाहिजे. बँकेच्या वागणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे वेगळी तक्रार करता येते.

तक्रारदार म्हणून नाव आणि सही आईवडिलांचीच लागते. आपण मसुदा करावा, कागद लावावेत, सुनावणीला शेजारी बसावं. बोलायचं त्यांनीच, आणि ते बोलतातही छान.

ब्रिटनमध्ये हाच प्रकार पीपीआय (पेमेंट प्रोटेक्शन इन्शुरन्स) या नावाने वर्षानुवर्षं चालला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे २०१४मध्ये एका विधवा प्राध्यापिकेचं प्रकरण आलं. ३४,००० पाउंडांच्या कर्जावर ५,७८० पाउंडांचा विमा विकला होता आणि त्यातले ७१.८ टक्के कमिशनपोटी गेले होते. ही गोष्ट तिच्यापासून लपवणं अन्यायाचं होतं, असं न्यायालयाने ठरवलं. त्याआधी २०११मध्ये याच विम्याच्या तक्रारींवरून बँका उच्च न्यायालयात हरल्या होत्याच. दावे करायची शेवटची तारीख २९ ऑगस्ट २०१९ होती. तिथल्या बँकांना आणि वित्तसंस्थांना लोकांचे ३८ अब्ज पाउंडांहून अधिक परत करावे लागले. यातल्या कित्येकांनीही सह्या केल्याच होत्या. आपल्याकडे अशी सरसकट परतफेड झालेली नाही, म्हणून एकेकाला भांडावं लागतं.

ब्रिटनमध्ये पैसे मिळवून देतो म्हणणारे दलाल परताव्याचा मोठा वाटा खात होते. आपल्याकडे त्याहून वाईट आहे. इर्डाईतून किंवा लोकपालाकडून बोलतोय असं सांगून "तुमची रक्कम मंजूर झालीय, आधी प्रक्रिया शुल्क भरा" म्हणणारे ठग ज्येष्ठांनाच गाठतात. ही दोन्ही कार्यालयं तक्रारदाराकडून पैसे मागत नाहीत. हे आईवडिलांना तक्रार टाकायच्या आधीच सांगून ठेवा.

परतावा मंजूर झाला की तो बहुधा कर्जखात्यात जमा होतो. तेवढ्यावर थांबू नका. त्या प्रीमियमवर तोवर आकारलेलं व्याज वेगळं मागा, तक्रारीतच मागितलेलं बरं. हप्ता तसाच ठेवून मुदत कमी करायची की हप्ता कमी करायचा, हे बँकेला लेखी कळवा. पेन्शनवर घर चालत असेल तर हप्ता कमी केलेला सोयीचा पडतो. आणि परतफेडीचं नवीन वेळापत्रक शिक्क्यासह हातात घ्या.