कोंबड्यांच्या शेजारी कोणता कुत्रा?

अमेरिकेत घरामागे चार-सहा कोंबड्या पाळायला लागलं, की थोड्याच दिवसांत पुढचा प्रश्न येतो: आता कुत्रा आणायचाय, कोणत्या जातीचा आणू? निवड चुकली तर नुकसान दोन जिवांचं होतं. कोंबडी मरते, आणि मारका असा शिक्का बसून कुत्र्याचीही रवानगी शेल्टरमध्ये होते. म्हणून जातींची यादी उघडण्याआधी कुत्रा कोंबडीकडे कसा बघतो, ते समजून घेऊ.

लांडग्याची शिकार ही एक साखळी असते. सावज हेरायचं, नजर रोखायची, दबा धरून पुढे सरकायचं, पाठलाग करायचा, पकडायचं, मारायचं आणि मग खायचं. रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर या अभ्यासक दांपत्याने मांडलं, की माणसाने कुत्र्यांच्या जाती घडवताना या साखळीतल्या काही कड्या बळकट केल्या आणि काही ढिल्या. बॉर्डर कॉलीमध्ये नजर, दबा आणि पाठलाग जोरदार असतात, चावा मात्र दबलेला. लॅब्रॅडॉर पडलेला पक्षी हलकेच तोंडात धरून आणतो. टेरियर मुळात उंदीर-घुशी मारायलाच तयार केलेला, त्यामुळे त्याच्यात मारण्याची कडीही शाबूत असते. आता कोंबडीच्या बाजूने बघा. ती फडफडते, ओरडते, पळत सुटते, म्हणजे ही साखळी सुरू व्हायला लागतं ते सगळं करते. कुत्र्याने चावा घेतला नाही तरी नुसत्या पाठलागाने ती दगावू शकते.

ग्रेट पिरनीज, अ‍ॅनाटोलियन शेफर्ड, मारेम्मा या राखणदार जातींमध्ये मात्र ही साखळी खूपच मंद असते. ऑस्ट्रेलियात वॉर्नाम्बूलजवळच्या मिडल आयलंडवर कोल्ह्यांनी छोट्या पेंग्विनांची वसाहत जवळपास संपवली होती. 2006 पासून तिथे मारेम्मा कुत्रे राखणीला ठेवले आणि पेंग्विन पुन्हा वाढले. ही कल्पना आली होती कोंबड्या राखायला मारेम्मा ठेवणाऱ्या एका शेतकऱ्याकडून!

पण नुसत्या रक्ताने भागत नाही. पिल्लू साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात ज्यांच्यात वावरतं, त्यांना ते आपलं मानायला शिकतं. धनगराचं कुत्रं मेंढरांतच लहानाचं मोठं होतं, त्यामागे हेच तत्त्व आहे. शिवाय राखणदार जातीचं पिल्लूही वर्ष-दीड वर्षाचं होईपर्यंत खेळता खेळता कोंबडी मारू शकतं. आणि हे 40-50 किलोचे कुत्रे रात्रभर भुंकतात. भिंतीला भिंत लागून शेजारी राहत असतील, तर हा विचार आधी करा.

जातीवर किती विसंबायचं? 2022 मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात, कुत्र्या-कुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकापैकी जेमतेम 9 टक्के फरकाचा उलगडा जातीवरून झाला. म्हणजे जात हा अंदाज आहे, हमी नाही. समोरचा कुत्रा बघायलाच हवा.

तो असा बघा. पट्टा घालून, लांब अंतरावरून त्याला कोंबड्या दाखवा. बघून, हवेत वास घेऊन तो तुमच्या हाकेला वळला, तर आशा आहे. तोंड मिटून जागीच थिजला, नजर हटेना, अंग थरथरायला लागलं, तर साखळी सुरू झाली असं समजा. असा कुत्रा वाईट नसतो, फक्त कोंबड्यांच्या घरासाठी नसतो. शेल्टरमधून शांत स्वभावाचा मोठा कुत्रा घेण्याचा फायदा हाच, की त्याचा स्वभाव आज दिसतो; पिल्लाचा पुढे कळणार. पिल्लूच हवं असेल, तर ते जन्मलं तिथे कोंबड्या होत्या का, एवढं तरी विचारा.

घरी आणल्यावर कित्येक आठवडे मध्ये कुंपण ठेवा. पुढेही तुम्ही हजर नसताना दोघांना मोकळं एकत्र सोडू नका. रात्रीची भिस्त तर कुत्र्यावर ठेवूच नका. रॅकून साधी कडी हाताने उघडतो आणि कोंबड्यांची पातळ जाळी फाडतो. खुराड्याला अर्धा इंची वेल्डेड जाळी आणि पक्कं कुलूप लावा. खुराडं असं भक्कम असेल, तर रोज रात्री कुत्र्याच्या स्वभावाची परीक्षा घ्यावी लागत नाही.