सप्पोरोचं पत्र : देवाचा घोट, सरकारचा परवाना

जपानच्या शिंतो देवळांत देवापुढे तांदूळ, मीठ, पाणी आणि तांदळाची दारू ठेवतात. पूजा आटोपली की तीच दारू प्रसाद म्हणून घोटभर वाटली जाते. होक्काइडोतल्या ऐनू लोकांची ‘तोनोतो’ ही दारू भरड धान्याची. बाया धान्य शिजवून घरीच ती आंबवत. पुरुष लाखेच्या पेल्यात कोरीव लाकडी पट्टी बुडवतो, तिच्या टोकाने अग्निदेवीला थेंब वाहतो आणि गाऱ्हाणं घालतो. ‘इकुपासुय’ नावाची ही पट्टी आपलं म्हणणं देवापर्यंत पोचवते, अशी श्रद्धा. यवतमाळमधल्या केळापूर-मारेगावच्या वाचकाला यात नवल वाटू नये. गोंड घरांत मोहाची दारू पानाच्या द्रोणातून आधी पेनाच्या, म्हणजे देवाच्या, नावाने भुईवर सांडते, माणसांचा घोट नंतर.

देवांनी कधी भेद केला नाही, तो कायद्याने केला. दारूवरच्या करावर सरकारी तिजोरीची मोठी भिस्त होती, म्हणून १८९९ साली जपानने घरी दारू करायला सरसकट बंदी घातली. ऐनूंना शेतीला लावून जपानी वळणावर आणणारा ‘संरक्षण’ कायदाही त्याच वर्षीचा. काही शिंतो देवळांना पूजेपुरता परवाना मिळाला. ऐनूंना मात्र आपल्या देवासाठी विकतची साके आणावी लागली. तो ‘संरक्षण’ कायदा १९९७मध्ये गेला आणि २०१९च्या कायद्याने ऐनूंना मूळनिवासी मानलं. पण दोन पिढ्यांत हातची कला गेली की ती कागदावरच्या मान्यतेने परत येत नाही. आपल्याकडे १९४९च्या दारूबंदी कायद्यापुढे विक्रीची हातभट्टी आणि पेनापुढचा द्रोण एकाच रांगेत उभे राहतात. हे मला अन्यायाचं वाटतं.

यावर यवतमाळच्या बाया विचारतील, आणि तो हक्क त्यांचाच आहे: दारूने आमचे संसार मोडले, तिला देवाचं नाव कशाला? ऐनूंचंही दारूने नुकसान केलंच. पण ती व्यापाऱ्यांनी मालाच्या बदल्यात दिलेली दारू होती. तिला ना सण, ना माप. पूजेच्या दारूला वेळ ठरलेली असते आणि सगळं गाव पाहत असतं. देवाच्या आडून कोणी धंदा करेल, ही भीती खरी आहे. तो कोण करतो, हे तालुक्याच्या कचेरीपेक्षा गावाला आधी कळतं. १९९६च्या पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींच्या कायद्यात त्या क्षेत्रांतल्या गावांच्या ग्रामसभेला दारूबंदीचा आणि नियमनाचाही अधिकार आहे. त्या सभेत बायांचा शब्द अखेरचा धरावा, विक्री बंद करावी आणि पेनाचा द्रोण तेवढा गुन्ह्यातून वगळावा.