साखरेपासून तेल: बुरशीच्या चरबीचा मागोवा

कपाशीच्या पऱ्हाट्या, केळीचे खांब आणि उसाचे चिपाड जळगाव-धुळ्याच्या शिवारात दरवर्षी उरते. या तिन्हींच्या तंतूंत साखर बांधलेली आहे. ती सोडवून बुरशीला दिली तर तेल मिळेल का, हा प्रश्न शंभर वर्षांचा आहे.

पहिल्या महायुद्धात चरबीची टंचाई पडली, तेव्हा जर्मनीने बुरशीकडून चरबी मिळवून पाहिली. पुढे इंग्लंडच्या हल विद्यापीठात कॉलिन रॅटलेज यांनी या चरबीचे गणित उलगडले. नत्र संपले आणि साखर शिल्लक राहिली की पेशींची वाढ खुंटते. उरलेल्या साखरेपासून बनलेले सायट्रेट हे मधले संयुग साठते आणि त्यातून चरबी तयार होते. मात्र १०० ग्रॅम ग्लुकोजपासून कागदावर फार तर ३२ ग्रॅम, प्रत्यक्षात साधारण २० ग्रॅम तेल हाती येते. किलोभर तेलाला पाच किलो साखर! इंग्लंडमध्ये १९८५ साली बाजारात आलेले म्युकर बुरशीचे औषधी गुणांचे तेल स्वस्त वनस्पती तेलांपुढे १९९० पर्यंतच टिकले.

साखर कोणती, हेही तितकेच महत्त्वाचे. यारोविया लिपोलिटिका हे तेलसाठवे यीस्ट ग्लुकोजवर जोमाने वाढते, पण उसाची साखर त्याला पचत नाही; ती फोडणारे इन्व्हर्टेज विकर त्याच्याकडे नसते. १९८९ मध्ये फ्रेंच संशोधकांनी पावाच्या यीस्टमधील जनुक घालून ही उणीव भरून काढली. साधे यारोविया वापरायचे तर साखर कारखान्याच्या मळीतले सुक्रोज, म्हणजे हीच उसाची साखर, आधी फोडावे लागते. चिपाडातून ग्लुकोजबरोबर झायलोज ही दुसरी साखरही निघते आणि ती प्रत्येक बुरशीला सारखी मानवत नाही.

महाराष्ट्रात हे काम पुणे विद्यापीठात झाले. अमिता रविकुमार आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरील खारफुटीतल्या बुरशींचे तेल बायोडिझेलसाठी तपासले. मुंबईजवळच्या समुद्रातून मिळालेल्या यारोवियावरही त्याच वर्षी काम प्रसिद्ध झाले. २०१३ मध्ये उसाच्या चिपाडापासून तेल, झायलिटॉल हा गोडवा देणारा पदार्थ आणि झायलनेज हे विकर असे तिन्ही मिळवण्याची वाट याच गटाने दाखवली.

या सगळ्या प्रवासाचा निष्कर्ष स्पष्ट आहे. विकतच्या साखरेवर डिझेल बनवणे परवडणारे नाही. साखर टाकाऊ मालातून आली आणि तेलाच्या जोडीला आणखी किमती उत्पादन निघाले, तरच हिशेब जमण्याची आशा आहे. असा टाकाऊ माल खानदेशाकडे मुबलक आहे. जळगावच्या विद्यापीठाने आणि धुळे-शिरपूरच्या महाविद्यालयांनी केळीचे खांब व पऱ्हाट्या या कामासाठी प्रयोगशाळेत घ्याव्यात. ते काम इथल्याच मातीतले आहे.