वस्तऱ्याची पाठ जाड का?

घडीच्या जुन्या वस्तऱ्याची धार इतकी बारीक, मग पाठ पाच-सहा मिलिमीटर जाड कशाला? नुसत्या बळकटीसाठी नव्हे. आपण तो सहाणेवर आडवा ठेवला, की पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकतात. मधला खोलगट भाग अधांतरी राहतो. म्हणजे धारेचा कोन पाठच ठरवते! पाते १६ मिलिमीटर रुंद, पाठ ५ मिलिमीटर जाड असेल तर कोन सुमारे १८ अंश (मुलांना त्रिकोण काढून मोजू द्या). सहाणेवर धार पुढे ठेवून घासतात. चामड्याच्या पट्ट्यावर परजताना मात्र पाठ पुढे, नाहीतर पट्टाच कापला जाईल. आम्हाला खरी गंमत वाटते ती झिजण्याची. घासून घासून पाते अरुंद होते, पण त्याबरोबर पाठही झिजते. त्यामुळे कोन फारसा बदलत नाही.