गरम झाली की रुसणारी गाडी

आमच्या अब्बांचे डायलिसिस आठवड्यातून दोनदा असते. भवानी पेठेतून दवाखाना फार लांब नाही, पण ते झाल्यावर रिक्षात धक्के खात येण्याइतके त्राण त्यांच्यात उरत नाही. म्हणून आम्ही एक जुनी, छोटी पेट्रोल गाडी घेतली. गेल्या मे महिन्यात तिने जीव खाल्ला. सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होई. अब्बांना घेऊन परतताना औषधांसाठी दहा मिनिटे बंद केली, की सेल्फ नुसता फिरत राही. चालू झालीच तर सिग्नलला उभी असताना सगळी गाडी थरथरे. सोलापूरचे ऊन तुम्हाला माहीत आहे. त्यात मागच्या सीटवर अब्बा.

एका गॅरेजमध्ये आधी प्लग बदलले, मग बॅटरी, मग पेट्रोलचा पंप. नऊ हजार गेले, फरक काही नाही.

शेवटी गल्लीतल्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. सगळे त्यांना चाचाच म्हणतात. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी विचारले, "मास्तर, थंड असताना अडते की गरम झाल्यावर?" महिनाभरात हा प्रश्न आम्हाला कोणी विचारला नव्हता.

चाचांचे म्हणणे असे. सकाळी पहिल्यांदाच फार वेळ सेल्फ मारावा लागत असेल, तर चावी नुसती 'ऑन' करून दोन सेकंद थांबावे. मागून पंपाची गुणगुण ऐकू येते. असे दोन-तीनदा करून सेल्फ मारल्यावर गाडी लगेच लागली, तर रात्रीतून नळीतला दाब उतरतो आहे. मग पंप किंवा गळका इंजेक्टर बघावा. आमचे दुखणे ते नव्हतेच! उभी गाडी थरथरत असेल आणि इंजिनाजवळ फुस्स आवाज येत असेल, तर एखादा रबरी पाइप चिरून हवा ओढत असतो. थ्रॉटल बॉडीत काजळी साचली तरी थरथर होते, ती नुसती साफ करून भागते.

मग त्यांनी आमचे नवे प्लग काढले. पंधरा दिवसांत काळेकुट्ट. म्हणजे पेट्रोल जास्त येत होते. का?

जुन्या गाडीत थंडीला हाताने चोक ओढायचा. इंजेक्शनच्या गाडीत ते काम कॉम्प्युटर करतो, इंजिनातल्या पाण्याचे तापमान बघून. ते सांगायला एक बोटभर सेन्सर असतो. तो तापला की त्याचा विद्युत विरोध कमी होतो, त्यावरून कॉम्प्युटर अंदाज घेतो. चाचांनी स्कॅनर जोडला. गाडी तापलेली, रेडिएटरच्या नळीला हात लावता येईना, आणि आकडा चाळीसच! सेन्सरची वायर काढली तर पिन हिरव्या गंजलेल्या. गंजाने विरोध वाढत होता. थंड सेन्सरचा विरोध मुळातच मोठा, म्हणून सकाळी फारसे बिघडत नसे. गरम झाल्यावर तो अगदी लहान होतो, तेव्हा गंजाची भर भारी पडे. गरम गाडीला कॉम्प्युटर थंड समजून जादा पेट्रोल पाजत होता. वर्गात असे नेहमी घडते: मुलाची रीत बरोबर असते, फळ्यावरचा आकडाच चुकीचा उतरवलेला असतो. आकडा अगदीच अशक्य नव्हता, म्हणून चेक इंजिनचा दिवाही पेटला नाही.

पिन घासून, स्प्रे मारून बसवल्या. आकडा अठ्ठ्याऐंशी झाला आणि पंखा फिरला. बऱ्याच गाड्यांचा पंखा याच सेन्सरच्या भरवशावर असतो. आणखी काही दिवस गेले असते तर इंजिनच तापून बसले असते. (गरम रेडिएटरचे झाकण मात्र कधी उघडू नका.)

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर दुचाक्यांतही कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आले, तेव्हा ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनाही हे उपयोगी पडेल. गॅरेजला जाण्याआधी गाडी थंड असताना अडते की गरम, पेट्रोलचा वास येतो का, रेस दिल्यावर थरथर थांबते का, हे कागदावर लिहून न्यावे.

चाचांनी शंभर रुपये घेतले, तेही आम्ही खिशात कोंबले म्हणून. गॅरेजने काढलेला जुना पंप परत मागायचे मात्र आम्हाला सुचलेच नाही. तो चांगला होता.